काळ्या लोकरीची खोळ

बिराप्पाचा कान मस्त भरून आला होता. टाके कुठे होते तेही शोधावं लागत होतं. मी खूश. त्याची बायको मायाक्का मात्र म्हणाली, "कानाचं ऱ्हाऊ द्या बाई. ह्यो माणूस जेवंना झालाय."

मी सोलापुरात तीसेक वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतेय. बिराप्पा मंगळवेढ्याकडचा मेंढपाळ. जन्मतःच पांढरा; केस, भुवया, पापण्यासुद्धा. आम्ही याला अल्बिनिझम म्हणतो, गाव त्याला 'सायेब' म्हणायचं. सहा महिन्यांपूर्वी कानावर न भरणारी जखम घेऊन आला होता, वर देवाचा भंडारा थापलेला. बायोप्सी केली, म्हणजे तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. गाठ लहान होती, कापून काढली, म्हणून निभावलं.

आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग असतो. त्याचे कण पेशीच्या केंद्रकावर टोपी घातल्यासारखे बसतात आणि उन्हातले अतिनील किरण आतल्या डीएनएपर्यंत जाऊ देत नाहीत. थोडेफार पोचतातच, त्यांनी केलेली मोडतोड पेशी दुरुस्त करते. पण रोजच मार बसला की एखादी चूक राहून जाते, आणि पुढे त्यातूनच कॅन्सर होऊ शकतो. नव्या पेठेतली खरेदी उरकून मुली माझ्याकडे येतात आणि रंग दोन शेड उजळवा म्हणतात. देवानं फुकट दिलेली टोपी काढून टाकायची यांना कोण घाई!

बिराप्पाला ती टोपीच नव्हती. म्हणून मी ठणकावून सांगितलं होतं, उन्हात जायचं नाही, कळपामागे तर अजिबात नाही. बाहेर पडावंच लागलं तर पांढरे सुती कपडे घालायचे, काळी घोंगडी बंद. उन्हात काळं घालू नये, हे मला शाळेपासून पाठ.

त्यानं शब्द न् शब्द पाळला. मेंढ्या भाऊ नेऊ लागला. मायाक्का सांगत होती, सकाळी कळप दिसेनासा होईपर्यंत हा दारात उभा राहतो, मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतो. संध्याकाळी एकेका मेंढीच्या लोकरीत हात घालून बसतो, जेवायला हाक मारली तरी उठत नाही.

"कळप निघाला की माजं पाय जाग्यावरच चालत्यात बाई," तो म्हणाला. "झोपंत रानाचा वास येतोय. मला जाऊ द्या की."

मी नेहमीचं भाषण सुरू केलं. त्यानं ते पूर्ण ऐकून घेतलं आणि हळूच सांगितलं, "ह्या शर्टातनं ऊन लागतंया. घोंगडीतनं कदी न्हाय लागलं."

मला रागच आला. डॉक्टर कोण, मी की तुम्ही, असं विचारलंही. त्यानं शर्ट काढला. दोन्ही खांदे लाल भाजलेले. तो फक्त आठवडी बाजारापुरता बाहेर पडला होता, मी सांगितलेल्याच कपड्यांत.

माझ्याकडे कोडावर अतिनील किरण देण्याची मशीन आहे, आणि ते किरण मोजायचा मीटर. मशीन चालू करून मीटरवर त्याचा शर्ट धरला. आकडा थोडासाच उतरला. मायाक्कानं बसायला आणलेली घोंगडी धरली. आकडा जवळजवळ शून्य.

मी तिथंच खुर्चीत बसले. काळ्या मेंढीची लोकर काळी असते तीही मेलॅनिननंच. जे बिराप्पाच्या अंगात नव्हतं ते त्याच्या मेंढ्यांनी त्याला पुरवलं होतं, आणि मी शिकलेली बाई ते काढून घेऊन बसले होते. त्याचे सहा महिनेही घेतले. मला लाज वाटली, तसं त्याला म्हणालेही.

मग अटी घातल्या. अकरा ते चार झाडाखाली. घोंगडीची खोळ कपाळाच्या पुढे येईल अशी. हातापायांना, तोंडाला सनस्क्रीन, डोळ्यांना काळा चष्मा, तीन महिन्यांनी तपासणी. धोका टळलेला नाही, हेही दोनदा बजावलं. तो सगळ्याला "व्हय बाई" म्हणत होता आणि माझ्याच केबिनमध्ये खोळ घालून उभा होता. रडत होता.

याला तीन वर्षं झाली. दोन नवे डाग आले, वेळेत काढले. कळप लांब गेला की साहेब तपासणी चुकवतात. मग मी फोन करून रागावते. मागे मेंढ्यांचा कालवा चालू असतो, आणि तो कुठल्या रानात किती गवत आहे ते मलाच सांगत बसतो.

'उन्हात जाऊ नका' हे लिहायला अर्धी ओळ पुरते. हल्ली ती लिहिण्याआधी मी पेशंटला विचारते, उन्हात तुमचं काय आहे?