चार कानटोप्या

अमेरिकेत हर्नडनच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघे राहायचो, तोवर हिवाळ्यात स्कीइंगसाठी मोठ्या रिसॉर्टला जायचो. मग एकाचं लग्न झालं, दुसरा टेक्सासात प्लेनोला गेला, तिसऱ्याचं प्रोजेक्ट संपलं आणि तो पुण्याला परतला. २००४च्या हिवाळ्यात उरलो मी आणि त्यांनी मागे ठेवलेले तीन प्रेशर कुकर.

एकदा एकटाच त्या रिसॉर्टला गेलो. जिकडेतिकडे घोळके. दुपारी हातात ट्रे घेऊन जागा शोधत फिरलो, तेव्हा चक्क रडू आलं. जेवण गाडीत बसून उरकलं आणि त्या जागेचं नाव टाकलं.

मग वेस्ट व्हर्जिनियात एक लहानसा डोंगर सापडला. डोंगर आपलं म्हणायचं, पुण्यात त्याला टेकडी म्हणाले असते. एकच लिफ्ट, तिला दोन माणसांचे बाक. मी एका टोकाला बसायचो, दुसरं टोक रिकामं. वर जायचं, पायांची बोटं आत वळवून बर्फावरून घसरत खाली यायचं, पुन्हा वर. पडलो तरी बघायला कोणी नसायचं. सुरुवातीला याचं बरं वाटायचं, नंतर नाही. लिफ्टवाले आजोबा दर फेरीला "वॉच युवर स्टेप" म्हणत, मी "थँक यू" म्हणे. शनिवार-रविवारचं माझं बोलणं एवढंच.

आईला हे कसं सांगणार? मी एकटा राहतो म्हटल्यावर तिची झोप उडाली असती. बाबा गेल्यापासून ती स्वतः एकटी होती, त्यामुळे एकटेपण म्हणजे काय हे तिला सांगायची गरजच नव्हती. मी ऑफिसातले तीन अमेरिकन मित्र बनवले, दर शनिवारी माझ्याबरोबर स्कीइंगला येणारे. थापा मारण्यात मी मुळात कच्चा, पण हे तिघे छान जमले. त्यातला एक तर मी शाकाहारीही करून टाकला.

एका रविवारी फोनवर तिने विचारलं, "तुझ्या मित्रांची डोकी केवढी आहेत रे?"

"आपल्यासारखीच. का गं?"

महिन्याभराने पुण्याहून आलेल्या एका सहकाऱ्याने पिशवी हातात ठेवली. आत मरून रंगाच्या लोकरीच्या चार कानटोप्या, प्रत्येकीला पांढरा गोंडा. सोबत चिठ्ठी: चौघांचा टोप्या घातलेला फोटो पाठव.

दोन शनिवार मी ती पिशवी गाडीत नुसती फिरवली. तिसऱ्या शनिवारी धीर करून लिफ्टवाल्या आजोबांना विचारलं. ते खोखो हसले आणि त्यांनीच बाकीचे दोघे गोळा केले: भाड्याने बूट देणाऱ्या बाई आणि दर शनिवारी येणारा एक रिटायर्ड बस ड्रायव्हर. कॅमेरा कुंपणाच्या खांबावर ठेवून टायमर लावला आणि धावत त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कित्येक महिन्यांत मला कोणाचा हात लागला नव्हता.

फोटो झाल्यावर तिघांनी टोप्या काढून नीट परत दिल्या. "राहू द्या" म्हणायला हवं होतं. मुकाट्याने पिशवीत भरल्या आणि घरी आलो.

शेजाऱ्यांच्या मुलीने ईमेल उघडून आईला फोटो दाखवला. पुढच्या रविवारी मी फोन केला.

"पाहिला फोटो," ती म्हणाली. "त्या आजोबांनी टोपी उलटी घातलीये. गोंडा कपाळावर आलाय."

मी हसलो. ती हसली नाही. आता मित्रांच्या वयाबद्दल विचारणार म्हणून मी उत्तर जुळवू लागलो.

"एक ऐकशील?" ती म्हणाली. "त्या टोप्या परत घेऊ नकोस. त्यांच्याकडेच राहू देत. म्हणजे पुढच्या वेळी गेलास की ओळख देतील तुला."

मी "हो" म्हणालो. तिन्ही टोप्या तेव्हा माझ्या मांडीवर होत्या.