कॅनमधलं मीठ

वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या कुशीतल्या एका वाडीत गेनूचं दूध केंद्र होतं. केंद्र म्हणजे त्याच्या घराची पडवीच, पण थाट सरकारी कचेरीचा. चप्पल बाहेर, हात धुतल्याशिवाय मापाला शिवायचं नाही, आणि पाण्याचा नुसता संशय आला तरी सख्ख्या आत्याची किटली परत. ती आत्या, पारूबाई, तेव्हापासून त्याच्याशी धड बोलत नव्हती. गेनूला वाईट वाटायचं, पण या वाडीचं दूध एक नंबर, असं पानशेतचे हॉटेलवाले म्हणाले की गड्याची छाती फुगायची. शिक्षण अर्धवट, लग्न जमलेलं नाही. कमावलेलं म्हणाल तर एवढं नाव.

त्याच्या आईला, ठकुबाईला, याचीच धास्ती. लेकाचं इतकं बरं चाललंय म्हणजे नजर लागणारच. शिवाय तिन्हीसांजेला दूध उंबऱ्याबाहेर जाताना त्यात चिमूटभर मीठ टाकावं, म्हणजे जनावराला बाधा होत नाही, हे तिला सासूनं शिकवलेलं. तांब्याला चिमूट, तर एवढ्या मोठ्या कॅनला मूठ नको? दूध न्यायला टेम्पो यायच्या आधी गेनू हातपाय धुवायला परसात गेला, की म्हातारी आपलं काम उरकून घ्यायची. लेकाला सांगायची गरज तिला कधी वाटली नाही. कुंकू लावल्याचं कुणी सांगतं का?

एका संध्याकाळी टेम्पोपाठोपाठ तपासणीच्या मॅडम आल्या. पडवीची स्वच्छता बघून खूश झाल्या. मग कॅनमधलं थोडं दूध नळीत घेऊन त्यांनी औषधाचे थेंब टाकले. दूध पिवळं पडलं. यात मीठ आहे, त्या म्हणाल्या. पाणी घातलेलं लपवायला लोक मीठ टाकतात. गेनू आधी हसलाच. मग शपथा घ्यायला लागला. माणूस खोटं बोलत नाही हे मॅडमनाही दिसत होतं. कॅनच नीट धुतला गेला नसेल, असं त्या म्हणत होत्या, तेवढ्यात लेकावर आळ आलेला न सोसून ठकुबाई दारातून पुढं झाली.

"मीठ म्या टाकते, बाई. आजच न्हाई, रोज टाकते."

मॅडमनी जड मनानं लिहून घेतलं. केंद्र बंद झालं, टेम्पो वाडीत यायचा थांबला आणि घराघरांत दूध नासायला लागलं. पारूबाई भांडायला आली असती तर गेनूला हलकं वाटलं असतं. ती आलीच नाही.

त्या संध्याकाळी मॅडमची गाडी वळली तसा तो आईला एवढंच म्हणाला होता, "तू तेवढी गप बसली असतीस तर!"

ठकुबाई तेव्हापासून गप बसली. जेवायला वाढते, गोठा झाडते, हाक मारली की बघते, पण शब्द नाही. गेनूनं पाया पडून माफी मागितली, गावदेवीला नारळ फोडला, भोरच्या डॉक्टरांना दाखवलं. घसा ठीक आहे, ते म्हणाले.

परवा म्हैस विकली. व्यापारी तिला गाडीत चढवत होता आणि ती मागं वळून हंबरत होती. गेनूला राहवलं नाही.

"आये, बोल की कायतरी. शिव्या दे मला."

ठकुबाईचे ओठ हलले. मग तिनं पदर घेतला आणि तोंडावर घट्ट दाबून धरला.