रेंगाळू नका म्हणणारी ताई

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करतात, हे मला नीट माहीत नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा. पण विश्रांतवाडीच्या आमच्या अभ्यासिकेतल्या ताईबद्दल लिहिलं नाही, तर मला चैन पडणार नाही.

ताई चहा उभ्यानं प्यायची, टपरीवरचं बाकडं रिकामं असलं तरी. ती यवतमाळकडची, तलाठी भरतीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघणारी. चहा संपल्यावरही आम्ही बसून राहिलो की म्हणायची, "रेंगाळू नका रे. ज्याच्या घरून रोज फोन येत नाही, त्यानं रेंगाळावं."

तिच्या घरून रोज यायचा. या निकालात नाव नसलं तर लग्न, असं वडिलांनी, तिच्या आबांनी, बजावलं होतं. आणि निकाल लांबत चालला होता. फोन थरथरला की ती आधी पेनाला टोपण लावायची, मग बाहेर जायची. परत आली की बराच वेळ पान उलटायची नाही.

एकदा मी धीर करून विचारलं, "ताई, तुला नुसतं बसायला आवडतच नाही का?"

"आवडतं की. पण रेंगाळतो कोण? ज्याला पुढे कुठे जायचं ते ठाऊक असतं, तो. म्हणून वाटेत मजेत वेळ काढतो. माझं काहीच ठरलेलं नाही. मी थांबले तर ते घुटमळणं."

"ताई, शब्दकोश नंतर लिहा, चहा गार होतोय," टपरीवाले मामा म्हणाले.

"गार व्हायला मी ठेवते कुठे, मामा?"

आमच्या अभ्यासिकेत पुणं सोडणारा निरोप घेत नाही. "चहाला जाऊन येतो," म्हणतो आणि परत येत नाही. त्याला कुणी अडवायचं नसतं.

एका दुपारी ताई मला म्हणाली, "चल, चहाला जाऊ." टपरीवर ती बाकड्यावर बसली. कप संपल्यावर तिनं दुसरा सांगितला.

"ताई, निकालापर्यंत तरी..."

"मुलाकडचे थांबत नाहीत म्हणे. आबांना समोर बसून सांगते. फोनवर ऐकत नाहीत ते."

दुसरा कप रिकामा झाला तरी ती उठेना.

ती गावी गेली आणि तिचा फोन बंद. काही आठवड्यांनी निकाल लागला, त्यात तिचं नाव होतं. आम्ही ओरडलो आणि लगेच गप्प झालो. आधी निकाल पोचला की आधी लग्न झालं, कळायला मार्ग नव्हता. मामा रोज विचारायचे, "लागला का फोन?" मी तिचा नंबर पुन्हा लावून बघायचो.

काल संध्याकाळी अनोळखी नंबर आला.

"अरे, मी. फोन आबांकडे होता इतके दिवस. पण निकाल बघून त्यांनीच मुलाकडच्यांना नकार कळवला. रुजू झाले मी."

"आता ऑफिसात आहेस?" मी विचारलं.

"ऑफिस कधीच सुटलं. पारावर बसलेय."

"मग घरी?"

"जाईन की. दुसरा चहा सांगितलाय."