पाय उचलल्याची खबर

मी शिकवलेल्या एका वर्गातल्या मुलीला सगळे शंकासुर म्हणत. उत्तर बरोबर आलं तरी ती डोळे बारीक करून फळ्याकडे बघत राहायची. पुढे ती कॉम्प्युटर शिकली. तिचा मामा तीस वर्षं ज्या छापखान्यात कागद कापत होता, तिथल्या नव्या कटिंग मशीनचा प्रोग्राम तिनेच लिहिला.

पेडल दाबलं की पट्टी खाली येऊन गठ्ठा धरते. पाय उचलला की सोडते. महिन्यात तीनदा पट्टीने गठ्ठा सोडला नाही आणि मामाने ओढलेले कागद फाटले. मामा म्हणाला, पाय उचलला होता. मालक म्हणाले, वय झालं, पाय जड झाला. पुन्हा असं झालं तर घरी बसा.

शंकासुराचा संशय मामावरच. तो गुडघेदुखी लपवतो, हे तिला ठाऊक होतं. दोन दिवस ती त्याच्या मागे उभी राहिली, नजर त्याच्या पायावर. मामा तिच्याशेजारी जेवायलाही बसेना.

दुसऱ्या दुपारी पट्टी पुन्हा अडकली. पाय वर होता. तिने स्वतः पाहिला. मालकांकडून तिने संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली.

प्रोग्राम तपासताना तिला कारण सापडलं. मामाची जुनी सवय अशी, की पाय उचलता उचलताच पुढच्या मापाचं चाक गरगर फिरवायचं. चाकाच्या आणि पेडलच्या प्रत्येक हालचालीची प्रोग्रामसाठी एक खबर निघते आणि सगळ्या खबरा एकाच रांगेत उभ्या राहतात. जागा चौसष्ट. प्रोग्राम दुसऱ्या कामात गुंतला, रांग भरली आणि पाय उचलल्याची खबर गळाली. काही खबरा गळल्याची चिठ्ठी सिस्टिमने रांगेत ठेवली होती. प्रोग्राम त्या चिठ्ठीकडे ढुंकूनही बघत नव्हता.

मालक म्हणाले, रांग मोठी कर. ती म्हणाली, मोठीही कधीतरी भरेलच. सहलीत मोजणी चुकली की आम्ही शिक्षक जुना आकडा सोडून पोरांची डोकी नव्याने मोजतो. तिनेही तेच केलं. चिठ्ठी दिसली की अर्धवट खबरा टाकायच्या आणि थेट पेडललाच विचारायचं, आत्ता तू वर की खाली?

मग मामासमोरच ती मालकांना म्हणाली, "मामाचा पाय चुकला नाही. माझा प्रोग्राम चुकला."

मालकांनी मान हलवली आणि मामाला उद्याचं काम सांगितलं. मामा मात्र तिच्याकडे बघत होता.

"उद्यापासून दोन दिवस पुन्हा मागे उभी राहा," तो म्हणाला. "या वेळी पायाकडे नको, तुझ्या मशीनकडे बघ."

ती उभी राहिली. दुपारी मामाने डबा तिच्याशेजारी उघडला.