मोटारीची मागची सीट

दादा गेल्याचं सगळ्यांना फोनवर कळलं. राहिले ते पोशेऱ्याचे लखमाबाबा. त्यांच्या पाड्यावर फोन लागत नाही, आणि आवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत तिथलं कुणी इकडे जव्हारला येत नाही. ते काम माझ्याकडे आलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी ते लांबवत राहिले... खरं सांगायचं तर दादाला जाऊन इतके आठवडे झाले, मला अजून रडू आलेलं नाही. दूध तापवते, पेपर वाचते, दोन वेळा जेवते. आत काही हलत नाही.

दादा माझा थोरला भाऊ, मोटार मेकॅनिक. वडिलांचं गॅरेज त्याने पुढे चालवलं. आम्ही लहान असताना लाकडाच्या एका ठेकेदाराने आपली जुनी विलायती मोटार वडिलांकडे टाकून दिली होती. लखमाबाबांच्या वडिलांना भातखाचरात चिखलणीसाठी यंत्र हवं होतं. वडिलांनी मोटारीचं छत कापलं, मागचा अर्धा भाग उडवला, ट्रकचा एक्सल आणि आणखी एक गिअरबॉक्स बसवून तिचा चक्क ट्रॅक्टर केला. ज्या दिवशी कापाकापी सुरू झाली, त्या दिवशी दादा मागच्या सीटवर ठाण मांडून बसला. उठेचना. शेवटी वडिलांनी बखोटीला धरून खाली उतरवला. यावरून मी त्याला जन्मभर चिडवलं.

तो ट्रॅक्टर पोशेऱ्यात वर्षानुवर्षं राबला. पॉवर टिलर आल्यावर एका झाडाखाली गंजत पडला. दादाचे केस पिकले आणि मग त्याच्या डोक्यात आलं, की त्या ट्रॅक्टरची परत मोटार करायची. लखमाबाबा म्हणाले, "ने ना. कोंबड्याच तं बसत्यात त्यावर." झालं, गॅरेजात दुसरं काम दिसेना. ट्रकचा एक्सल निघाला, चासीचा सांगाडा पुन्हा लांब झाला, मागचे पत्रे लाकडी साच्यावर ठोकून ठोकून त्याने घडवले. वहिनी होती तेव्हा म्हणायची, "माझ्या गुडघ्यांना तेल लावायला याला वेळ नाही, त्या बयेला मात्र रोज." वहिनी गेली, तसा तो त्या मोटारीत आणखीच रुतला.

सगळं झालं, मागची सीट तेवढी राहिली. नवी शिवून घे म्हटलं, तर माझ्याकडे असा बघायचा की मी बोलणंच सोडून दिलं. मूळची सीट कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. मोटार कापली तेव्हाच ती ट्रॅक्टरबरोबर पोशेऱ्याला गेली होती आणि लखमाबाबांच्या ओट्यावर मांडलेली होती. दादा ती मागायला गेला आणि हात हलवत परत आला. पुन्हा गेला, पुन्हा तसाच.

त्या घरात ती सीट पाहुण्यासाठी असते. घरचं कुणी तिच्यावर बसत नाही. दादा पोचला की लखमाबाबा खांद्यावरच्या टॉवेलने ती झटकणार, "बस दादा" म्हणणार आणि स्वतः खाली जमिनीवर बसणार.

"ज्यावर मानाने बसवलं, तेच कसं मागू गं?" दादा म्हणाला.

"मग उभ्याने माग," मी म्हटलं. तो हसला नाही.

मग त्याला तिथे जायची सवयच लागली. नागलीची भाकर खायचा, तासभर सीटवर बसून यायचा. शेवटच्या दुखण्यातही म्हणाला, "पाऊस उघडला की मागतोच."

परवा एकदाची मी जीप करून गेले. बातमी सांगायची आणि सीट मागायची, अशी दोन कामं होती. त्याचं एवढं तरी पुरं व्हावं, असं मनात होतं. लखमाबाबांनी सीट झटकली, मला बसवलं. फाटलेल्या रेक्झिनला त्यांच्या सुनेने लुगड्याचं ठिगळ लावलं होतं. बातमी काही तोंडातून निघेना, म्हणून मी आधी सीटचंच बोलले. मोटार पुरी करायचीय, ही द्याल का?

"यवढंच? ने ना, बाय." ते लगेच उठले, सुनेला दोरी आणायला सांगितली. दोरी हातात घेऊन जरा थांबले. "पन दादा येल तव्हा त्याला कुठं बसवू?"

मी सांगितलं.

ते दोरीचा गुंता सोडवत राहिले. गुंता फारसा नव्हता. "मंग ने," म्हणाले आणि सीट उचलायला स्वतःच वाकले.

काल सीट मोटारीत बसवली. तसूभरही इकडेतिकडे करावी लागली नाही. आता तरी रडू येईल असं वाटलं होतं... नाही आलं. मागचं दार उघडं धरून मी बराच वेळ उभी राहिले, मग ते लावलं. हळूच लावलं. दार आपटलेलं दादाला खपायचं नाही.