टोमॅटोची माती

माती तपासणी केंद्रातले ते गृहस्थ माती आधी हुंगत आणि मगच तपासायला घेत. बोलणं तुटक. "चुनखडी लई. लोह मिळत नाय पिकाला." करमाडच्या आमच्या शेताची माती मी दरवर्षी त्यांच्याकडंच न्यायचो.

त्या दिवशी मात्र पिशवीत घराच्या गच्चीवरच्या कुंड्यांची माती होती. रोपांची पानं पिवळी पडत होती.

"पीक?" त्यांनी विचारलं.

"टोमॅटो."

त्यांनी माती कागदावर ओतली आणि तिच्यातून गांजाचं पान वर आलं. शेजारच्या बाकावर वर्दीतला हवालदार आपल्या शेताच्या अहवालासाठी बसला होता. त्यानं मान वळवली.

त्यांनी पान मुठीत दाबलं. "टोमॅटोच," म्हणाले आणि नमुन्याच्या पाकिटावर तसंच लिहिलं.

हवालदार गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "कुणासाठी?"

"आईसाठी. कॅन्सर आहे. कळा सोसवत नाहीत."

"झाडं आजच उपटा. दुसऱ्यांदा मी खोटं बोलणार नाय."

मी उपटली. महिन्याभरानं ते बाजारात दिसले. मी तोंड चुकवत होतो, पण तेच जवळ आले.

"आईला झोप लागती का?"

"नाही," मी म्हणालो.

ते निघाले नाहीत. बराच वेळ माझ्यापाशी उभे राहिले.