नर्सबाईंनी "काऊन" विचारलं नाही

वाचनालयात येणाऱ्या मित्रांनो, या फळ्यावर गावच्या बातम्या लागतात. आज मी घरची लावतो आहे.

सकाळी माझी बायको तान्ह्या पोराला घरात ठेवून बोडीच्या तळ्याकाठी जाऊन बसली होती. पाय पाण्यात होते. मी हात धरून तिला घरी आणलं. मला रडू आलं नाही, रागही आला नाही.

आई म्हणाली, "काऊन गेली वं तिकडे? पोरगा झाला, तरी कायले रडून राहिली?"

शेजारची काकू म्हणाली, "बाहेरचं लागलं. पुजाऱ्याले बोलवा."

दुपारी दवाखान्याच्या नर्सबाई घरी आल्या. त्यांनी भात वाढायला सांगितला आणि बायकोजवळ खाली बसल्या. "जेव बाई. मी बसून आहे."

थोडं खाऊन बायको म्हणाली, "बाई, हे पोरगं मले माह्यं वाटत नाही."

"बाळंतपणानंतर काही जणींना असं होतं. तू वाईट नाहीस." मग आईला म्हणाल्या, "पुजारी नको. हिला एकटी सोडू नका. काऊन, काऊन विचारू नका, तिलाच माहीत नाही. मी परवा परत येते."

आईनं बायकोच्या ताटात आणखी भात वाढला. मग म्हणाली, "आमाले तं बाळंतपणात कोणी जेव बी म्हटलं नाही."

आता बायको निजली आहे, आई तिच्याजवळ आहे. बायको उठल्यावर तिच्याशी काय बोलावं, मला सुचत नाही. कोणाच्या घरी असं झालं असेल तर खाली लिहा. नाव नाही घातलं तरी चालेल.